बिल्किसच्या सुट्या बाह्या

मी कपडे धुते. जपानातल्या फुनाबोरीहून बसने पंधरा मिनिटांवर, नदीच्या बांधाला लागून म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे. तिथे तळमजल्यावर माझी लॉन्ड्री. तीन मशीन, दोन ड्रायर, एक खिडकी आणि साठ म्हाताऱ्यांचं सगळं. आठवड्याचे चार दिवस, नऊ ते दोन. नवरा राजीव आयटीत, मुलगी नुपूर हायस्कूलला, आणि मी इथे. पुण्यात मी एम.कॉम. झाले होते, कोणी विचारलं तर सांगते. चौदा वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

वरच्या मजल्यावर काय चालतं ते मला माणसांवरून कळत नाही, कपड्यांवरून कळतं. कोणाची भूक गेली, कोणाला जुलाब झाले, कोण रडून उशीला तोंड पुसतं. बिल्किस परकार आली हेसुद्धा मला आधी कपड्यांवरूनच कळलं. स्टाफच्या टोपलीत एक दिवस चार पांढरे स्कार्फ आणि बाह्यांच्या बारा जोड्या आल्या. नुसत्या बाह्या. मनगटापासून दंडापर्यंत, दोन्ही टोकांना इलॅस्टिक, आणि त्यांना लागून काहीच नाही.

त्या हातात धरून मी उभी होते तेव्हा दारातून मराठीत आवाज आला, "ताई, त्या माझ्या आहेत."

माझ्या एप्रनवर कातकाना ह्या जपानी लिपीत आगाशे लिहिलेलं तिने वाचलं असणार. मी म्हटलं, "तुझ्या असतील बाई, पण बाकीचा सदरा कुठे राहिला?" ती हसली. सव्वीस वर्षांची, सावळी, काटक पोरगी. मी तिला तशी हसताना नंतर फार वेळा पाहिलं नाही.

दापोलीजवळच्या हर्ण्याची. वडील कुवेतच्या बोटींवर, घरी अम्मी आणि दोन धाकटे भाऊ. रत्नागिरीला नर्सिंग केलं, पुण्यात वर्षभर जपानी शिकली, परीक्षा दिली आणि केअरगिव्हरच्या व्हिसावर इथे आली. नर्स होती, पण इथे नर्स म्हणून चालत नाही, म्हणून म्हाताऱ्यांना भरवणं, उठवणं, पुसणं, न्हाऊ घालणं हे काम. त्याबद्दल तिची कुरकुर नव्हती. होममध्ये सगळे परकारचं जपानी वळणाने पारुकारु-सान करायचे. तीही आपली तशीच ओ द्यायची.

त्या बाह्यांची हकिगत अशी. बिल्किसच्या धर्माप्रमाणे परक्या पुरुषासमोर बाईचा चेहरा आणि पंजे उघडे चालतात, बाकी नाही. आणि आमच्या होममध्ये नियम असा की काम करताना हात कोपरापर्यंत उघडे पाहिजेत, कारण हात सारखे धुवायचे असतात. नेमणुकीच्या वेळी आमच्या संचालक कावाहारा-सान तिच्याशी तासभर बोलल्या होत्या आणि कागदावर सगळं ठरलं होतं. पांढरा आखूड स्कार्फ, टोकं अंगरख्याच्या आत खोचलेली. वॉर्डात फिरताना सुट्या बाह्या घालायच्या, हात धुताना काढायच्या, आणि एका खोलीतून निघाली की जोडी टोपलीत टाकून दुसरी चढवायची. पुरुषांची आंघोळ तिच्याकडे नाही. त्याबदल्यात बायकांच्या आंघोळी ती जास्त करेल.

बाह्या तिने शंभर येनच्या दुकानातून आणलेल्या. उन्हापासून हात वाचवायच्या वस्तू असतात ना, त्या फळीवरून. इथल्या बायका उन्हाळ्यात सायकलवर ह्याच बाह्या घालून, तोंडावर टोपीची मोठी काळी कड ओढून जातात. पुण्यात स्कूटरवर आम्ही सगळ्याच लांब हातमोजे आणि डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून लक्ष्मी रोडने गेलोय. आम्हाला कोणी कागदावर सही मागितली नाही. उन्हासाठी झाकलं तर शहाणपण, देवासाठी झाकलं तर मीटिंग. हे मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, "मीटिंग चांगली झाली ना पण, ताई. चहा पण दिला."

मी एकदा चेष्टेत विचारलं, "काय गं, नव्वद वर्षांचे आजोबा, त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. ते परके पुरुष?"

"त्यांना विचारून बघा," ती म्हणाली.

मला पटलं असं नाही. मी कोथरूडची, घरात देव आहेत, संकष्टी करते, पण हातांचा असा विचार कधी केला नव्हता. मला ते नसतं लोढणं वाटायचं. पण पोरगी कामाची होती. आणि सबंध इमारतीत माझ्याशी मराठी बोलणारी एकटी होती. नुपूरशी मी मराठीत बोलते, ती उत्तर जपानीत देते, आणि राजीव घरी येतो तेव्हा त्याच्याकडे शब्दच उरलेले नसतात. बिल्किस दुपारच्या सुट्टीत खाली यायची, ड्रायरपाशी स्टुलावर बसून डबा खायची आणि बोलायची. मला बरं वाटायचं. एवढंच.

मंगळवार-शुक्रवार बायकांच्या आंघोळी. आमच्याकडची पद्धत अशी की बाहेरच्या खोलीत कपडे काढायचे, चाकांच्या खुर्चीवर बसवून आत न्यायचं, साबण, पाणी, मग टब. सगळं झटपट. एकीमागे एक बारा जणी. तिसऱ्या मजल्यावरच्या ओमोरी आजी, वय एक्क्याण्णव, जन्मभर किमोनो शिवलेली बाई, त्यांनी दोन महिने आंघोळच केली नव्हती. नेलं की ओरडायच्या, बोचकारायच्या. एका बाजूची छाती ऑपरेशनमध्ये गेलेली होती, ती त्यांना कोणाला दाखवायची नव्हती. सगळं विसरल्या होत्या, एवढं विसरल्या नव्हत्या.

बिल्किसने त्यांना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मोठ्या टॉवेलखाली न्हाऊ घातलं. टॉवेल तसाच अंगावर, त्यावरून कोमट पाणी, आणि तिचा हात टॉवेलच्या आत. कुठेही उघडं न करता. आजी गप्प बसल्या. मला कळलं ते टॉवेलवरून. रोजच्या लहान टॉवेलांबरोबर एक मोठा, पूर्ण भिजलेला यायला लागला. मग दोन, मग पाच. बाकीच्या आज्यांनीही तसंच मागितलं होतं.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस, नर्सिंगला? ती म्हणाली, "नाही. अम्मीकडून. आमच्या मोहल्ल्यात बाई गेली की न्हाऊ घालायला अम्मीला बोलावतात. मी पाणी द्यायला जायची. मय्यत झाली तरी चादर काढायची नसते, ताई. वरून पाणी, आतून हात." मग डबा झाकत म्हणाली, "जिवंत माणसाला तर जास्तच पाहिजे ना." होममधल्या बायकांच्या न्हाणीघरात ती बाह्या काढूनच जायची. तिथे सगळ्या बायकाच, तिथे तिला अडचण नव्हती.

आता माझी चूक.

होमचा नियम आहे की इथून निघणारं प्रत्येक कापड ऐंशी अंशाच्या पाण्यात दहा मिनिटं फिरलं पाहिजे. शंभर येनची बाही ती, दोनदा ऐंशी अंश सोसलं की इलॅस्टिक मेलं. बाह्या घसरायच्या. एकदा मी वर चादरी पोचवायला गेले तर बिल्किस कोणाला तरी सूप भरवत होती आणि दर चमच्यागणिक कोपर अंगाला घासून बाही वर सारत होती. मला बघवेना. त्या दिवसापासून मी तिच्या बाह्या वेगळ्या काढायला लागले. बादलीत कोमट पाणी, घरून आणलेली सौम्य पावडर, हाताने धुऊन बॉयलरच्या पाइपामागे दोरीवर. आपल्या माणसाचं कापड, त्याला मशीन कशाला? आई नाही का, पुण्यात मोलकरणीला सगळं धुणं द्यायची पण चांगला ब्लाउज स्वतः धुवायची. तसं. त्यात काही विचार नव्हता. रोजच्या नोंदीत बाह्यांचा वेगळा रकाना नव्हता, स्टाफचे सगळे कपडे एवढंच, आणि त्यापुढे मी लिहायचे, ऐंशी अंश, दहा मिनिटं. माझ्या अक्षरात, माझ्या शिक्क्यासह.

बिल्किसला माहीत होतं. ती म्हणाली होती, "ताई, आता मस्त घट्ट बसतात." तिला मी नियम मोडते आहे हे कळलं होतं का? कळलं असणार, ती नर्स होती. पण मी वयाने मोठी, आणि मी तिच्यासाठी करत होते.

एप्रिलमध्ये होममध्ये खरूज आली. आधी दोन आज्या, मग एक आजोबा, मग स्टाफमधले दोघं, मग बिल्किस, दोन्ही मनगटांवर. एकूण सात. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीत हॉस्पिटलमधून आलेल्या एका बाईंकडून आली असावी, पण खात्रीने सांगता येणार नाही. सगळ्यांना गोळ्या दिल्या, पडदे उतरवले, गाद्या उन्हात टाकल्या. मी पंधरा दिवस हातमोजे घालून धुतलं. बाह्या तेव्हा मुकाट्याने मशीनमध्ये टाकल्या. उशीर झाला होता की नाही, ते मला माहीत नाही. त्या बाह्यांनी एकीकडून दुसरीकडे किडे नेले की नाही, हे कोणालाच कधी कळलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मीटिंग झाली. कावाहारा-सान, मजल्याच्या प्रमुख, नर्स, बिल्किस, आणि दुभाषी म्हणून मी. बिल्किसचं जपानी रोजच्या कामापुरतं चांगलं, पण मीटिंगचं जपानी वेगळंच असतं, त्यात माणूस काय म्हणतोय ते वाक्याच्या शेवटापर्यंत कळत नाही. कावाहारा-सान पंचावन्नच्या, शांत बाई. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी एकेक मुद्दा घेतला. सहाव्यावर बाह्या आल्या.

"ह्या बाह्या कोण धुतं आणि कसं?" त्यांनी विचारलं.

उत्तर माझ्या तोंडात होतं. जपानीतच होतं. मी, इथेच, बादलीत, कोमट पाण्यात. पण मी दुभाषी होते ना. मी बिल्किसकडे वळले आणि म्हटलं, "विचारताहेत, बाह्या कोण धुतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मग ती स्वतःच, माझ्यामार्फत नाही, सरळ जपानीत म्हणाली, "मी. घरी."

नर्सने लिहून घेतलं. मला काय वाटलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. मला हलकं वाटलं. माझ्या नोंदवहीतल्या खोट्या नोंदी, त्यावरचा माझा शिक्का, ह्या वयात समोर उभं राहून मान खाली घालणं, हे सगळं टळलं. मी मूग गिळून बसले. मीटिंग अजून चाळीस मिनिटं चालली आणि मी सगळं नीट भाषांतर केलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ठरलं ते असं. घरी धुतलेल्या कापडावर होमची देखरेख राहू शकत नाही. म्हणून बाह्या बंद. हात कोपरापर्यंत उघडे, सगळीकडे, सगळ्यांसमोर. आणि एक सवलत अशी अंगाशी आली, म्हणून बाकीच्या सवलतीही एकदा तपासाव्यात. स्कार्फ राहू दे, तो होममध्येच धुतला जातो. पण पुरुषांच्या आंघोळी तिच्याही पाळीत येतील, माणसं कमी आहेत. टॉवेलखालची आंघोळही बंद, अंगावरची खरूज दिसायला पाहिजे. बिल्किसने विचारलं की कागदाच्या, वापरून टाकायच्या बाह्या मिळतील का. कावाहारा-सान म्हणाल्या, प्रश्न कापडाचा नाही, सांगितलेलं पाळलं जाण्याचा आहे.

मीटिंग संपायला संध्याकाळ झाली, आम्ही दोघी बसस्टॉपकडे चालत गेलो. मी विचारलं, "तू असं का बोललीस?"

"तुम्ही माझ्यासाठी करत होतात, ताई. तुमच्यावर कसं येऊ द्यायचं? मला वाटलं, ओरडतील आणि सोडून देतील."

मलाही तसंच वाटलं होतं. मी म्हणायला हवं होतं, चल परत, आत्ताच सांगू. कावाहारा-सान ऑफिसात होत्या अजून, दिवा दिसत होता. मी म्हटलं, "आणखी थोडे दिवस जाऊ देत, मी बोलते." ती हो म्हणाली. तिला उगाच आशा नव्हती लावायची मला, पण लावली खरी.

थोडे दिवस जातात. मे गेला, जून गेला. मी राजीवला सांगितलं तर तो लॅपटॉपवरून मान वर न काढता म्हणाला, "आता कशाला हात दाखवून अवलक्षण? तिने निभावलं ना?" मी म्हटलं, हो, निभावलं.

तिने निभावलंच. रोज सकाळी पाळीवर येताना मजल्याच्या प्रमुखबाई तिचे हात पुढे करायला सांगायच्या. खरूज गेली होती, तरी. शाळेतल्या मुलांची नखं बघतात तसे दोन्ही बाजूंनी बघायच्या आणि यादीवर खूण करायच्या. इतरांचेही बघायच्या म्हणे, पण मी बघितलं तेव्हा फक्त तिचेच. बिल्किस हात पुढे करायची आणि भिंतीकडे बघायची. ते हात मी पहिल्यांदाच इतके बघत होते. कोपरापाशी एक जुना भाजल्याचा डाग होता.

पहिल्या दिवशी पुरुषांच्या आंघोळी करून ती खाली आली. सातव्या खोलीतले आजोबा होते, पक्षाघात झालेले, स्वभावाने गरीब. तिने सगळं केलं, जसं करायचं तसं. स्टुलावर बसली, डबा उघडला नाही. मी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." मी विचारलं, "काही त्रास?" ती म्हणाली, "नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते." मग ती उठून वर गेली. मला त्या वेळी काही वाटलं नाही. खरंच. ड्रायर थांबला होता, मी चादरी काढल्या.

ओमोरी आजींना न्हाऊ घालायला तीच जायची, पण आता टॉवेलशिवाय. आजींनी पहिल्याच शुक्रवारी तिला चावा घेतला. त्यांना वाटलं असेल, ही दुसरीच कोणी. मग त्यांच्या नावापुढे 'नकार' लिहायला लागले, आणि त्यांचं अंग पुसून काढायचं, एवढंच राहिलं. मोठे टॉवेल यायचे बंद झाले.

सप्टेंबरात बिल्किसने सांगितलं की ती कोबेला चालली आहे. तिथे दुसऱ्या एका होममध्ये जागा आहे, मशीद जवळ आहे, रत्नागिरीकडच्याच दोघीजणी एकत्र राहतात, तिसरी हवी आहे. मी विचारलं, तिथे बाह्या चालतील का. "नाही विचारलं," ती म्हणाली. "एकदा नाही म्हटलेलं परत परत कशाला विचारायचं? रोज हात पुढे करून दाखवायचे तेवढे नकोत मला आता." जाताना तिने मला खजुराचा डबा दिला. मी तिला काही दिलं नाही, सुचलंच नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी कावाहारा-सानकडे गेले. का गेले हे मला नीट सांगता येणार नाही. हिम्मत आली म्हणून नाही. एका दुपारी लॉन्ड्रीत स्टुलाला पाय लागून मी धडपडले, आणि तशीच उठून वर गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बादली, कोमट पाणी, खोट्या नोंदी, आणि ती घरी धूत नव्हती हे.

त्यांनी ऐकून घेतलं. पेन टेबलावर आडवं ठेवलं. मग म्हणाल्या, "आगाशे-सान, त्या दिवशी हे सांगितलं असतंत तर मी फक्त तुमच्या लॉन्ड्रीची पद्धत बदलली असती. चांगल्या बाह्या मागवल्या असत्या, ऐंशी अंश सोसतील अशा. मिळतात तशा. बाकी काही बदललं नसतं."

मी विचारलं, "आता बदलता येईल?"

"आता पारुकारु-सान इथे नाहीत," त्या म्हणाल्या. "गरज नाही."

मग त्यांनी माझ्याकडून एकपानी खुलासा लिहून घेतला. जपानीत, 'काय झालं', 'का झालं', 'पुन्हा काय करणार नाही', अशा तीन भागांत. मी लिहिलं, शिक्का मारला. त्यांनी फाइलला लावला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी नेहमीसारखी कामावर होते. माझं काहीही झालं नाही. ज्या भीतीने मी गप्प बसले होते ती भीती एवढ्याशा कागदात मावत होती.

त्या रविवारी मी बिल्किसला फोन केला. मन मोकळं करायचं होतं, दुसरं काय. तिचा आवाज चांगला होता. कोबेला डोंगर आणि समुद्र दोन्ही दिसतात म्हणाली, हर्ण्याची आठवण येते. काम तेच, इथे सगळेच सगळ्यांचं करतात, पुरुषांचंही. हात उघडे. "पहिले पंधरा दिवस हातांना नुसता वारा लागायचा, ताई. आता नाही लागत."

मी विचारलं, "आणि मनाचं काय?"

"मन आता शांत आहे. मी इथल्या मौलानांना विचारलं. सगळं सांगितलं त्यांना, आधीच्या होममध्ये कशी सवलत होती, कशी गेली. ते म्हणाले, आजाऱ्याची सेवा आहे, तुझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता, तर तुझ्यावर काही नाही. अम्मी पण तेच म्हणाली. त्या रात्रीपासून मला नीट झोप लागते. नाहीतर ते आजोबा, त्यांनी डोळे मिटलेले, तेच दिसायचं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यात एकदा गप्प बसायचं नव्हतं तिथे बसले, आणि आता बसायचं होतं तिथे तोंड उघडलं. मी तिला सगळं सांगितलं. वर जाऊन कबूल केलं ते, आणि कावाहारा-सान काय म्हणाल्या तेही, शब्दाला शब्द. चांगल्या बाह्या मागवल्या असत्या. बाकी काही बदललं नसतं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, की तिच्यावरचा खोटा आळ मी उतरवला. मी तर सांगता सांगता रडायलाही लागले होते.

मागे कोणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, फोन कट झाला, मी दोनदा हॅलो म्हटलं.

"म्हणजे दुसरा इलाज होता," बिल्किस म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, पण तुला कुठे माहीत होतं? तुझ्यावर कसं येईल ते? चूक माझी आहे."

"मी पण खोटं बोलले होते ना, ताई. मी खरं बोलले असते तरी बाह्या राहिल्या असत्या." तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "हे मौलानांना मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही."

मग ती म्हणाली की तिची पाळी आहे, आज बायका नाहीत, पुरुषांच्या आंघोळी आहेत, निघायला हवं. मी म्हटलं, हो, जा. तिने काळजी घ्या म्हटलं, नेहमी म्हणायची तसंच, आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा फोन केला. तिने उचलला नाही.